कॅप राउंडच्या आधी: पोरांची हक्काची सीट एका कागदापायी जाऊ नये म्हणून

दर वर्षी मे महिना लागला की आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी सात ते दहा आम्ही चारपाच जण टेबल टाकून बसतो, बारावी झालेल्या पोरांना अ‍ॅडमिशनचे फॉर्म, म्हणजे कॅप या राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, भरायला मदत करतो, पैसे कुणाकडून घेत नाही. आणि दर वर्षी एक तरी पोर असं येतं की मार्क चांगले आहेत, जातीचा दाखला आहे, सगळं आहे आणि तरी सीट जाते कारण एक कागद कमी पडतो. दोन वर्षांपूर्वी मागच्याच चाळीतली एक मुलगी आली होती, ओबीसी, वडील टेम्पो चालवतात, तिला एका चांगल्या कॉलेजात हवी ती ब्रँच लागली पण कास्ट व्हॅलिडिटीची, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याच्या प्रमाणपत्राची, नुसती पावती होती, सर्टिफिकेट काही शेवटच्या तारखेपर्यंत हातात आलं नाही, मग तिची सीट ओपनमध्ये धरली गेली आणि ओपनचा कटऑफ तिच्या मार्कांच्या वर होता. वडील फाईल मांडीवर घेऊन तासभर त्या खोलीत बसून होते, काय बोलणार त्यांना.

तेव्हापासून ठरवलं की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं, कारण ज्यांच्या घरात आधी कुणीतरी इंजिनिअर डॉक्टर झालेलं आहे त्यांना हे आपोआप कळतं, काका-मामा सांगतात, नाहीतर काउन्सेलर लावतात. आणि ज्या घरातलं पोर पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढतंय, ज्यांच्यासाठी हे सगळे नियम मुळात केलेत, त्यांनाच ते शेवटी कळतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सोपं जातं. आरक्षण मागणं म्हणजे भीक मागणं नाहीये. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांमध्ये ५० टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या, तेव्हापासून हा विचार आपल्या मातीत आहे. आणि जानेवारी २०२२ मध्ये मेडिकलच्या अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आरक्षणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट लिहिलंय की नुसते परीक्षेतले मार्क म्हणजे मेरिट नाही, त्या मार्कांमागे घर, पैसा, शिकवणी, आईबापांचं शिक्षण हे सगळं असतं. मी १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसांत वाढलेय, रात्री अकरानंतर टीव्ही बंद झाला की कॉमन पॅसेजच्या बल्बखाली अभ्यास केलाय, मला हे कोर्टाने सांगायच्या आधीपासून माहितीये.

आता कामाचं. सुरुवात कधी करायची? दहावीचा निकाल लागला की त्याच महिन्यात. बारावीच्या परीक्षेनंतर नाही, सीईटीच्या निकालानंतर तर अजिबातच नाही. कारण कागदांची एक साखळी आहे, जातीचा दाखला निघाल्याशिवाय व्हॅलिडिटीला अर्ज करता येत नाही, आणि व्हॅलिडिटीला किती महिने लागतील हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. सायन्सला असणाऱ्या पोरांचा व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन सहीशिक्क्याचं पत्र मागा, ते देतात. दर वर्षी काही ना काही मुदतवाढ मिळते म्हणून लोक निवांत राहतात, पण मुदतवाढ मिळेलच असं धरून पोराचं वर्ष पणाला लावू नका.

जातीच्या दाखल्याचं मुंबईकरांना सगळ्यात अवघड जातं ते तारखेमुळे. तुमचे वाडवडील एका ठराविक तारखेला महाराष्ट्रात कुठे राहत होते ते दाखवावं लागतं. एससीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी, एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे पोराचा जन्म केईएममधला, बापाचा जन्म पण केईएममधला, आजोबा मात्र गिरणीत कामाला आले ते साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून, तर कागद शोधायला त्या गावाला जावं लागतं आणि पुष्कळदा दाखलाही तिथल्याच प्रांत ऑफिसमधून निघतो, आणि ज्या जिल्ह्याचा दाखला त्याच जिल्ह्याच्या समितीकडे व्हॅलिडिटी. लोक बांद्र्याला नाहीतर फोर्टला कलेक्टर ऑफिसला चार खेपा घालतात आणि मग कळतं की आपलं काम इथलं नाहीच. आदिवासी बांधवांची तपासणी समिती वेगळी असते हे पण लक्षात ठेवा. आणि जे दुसऱ्या राज्यातून मुंबईत आलेत त्यांना इथल्या राज्याच्या कोट्यातलं जातीचं आरक्षण मिळत नाही, त्यांचं आरक्षण त्यांच्या मूळ राज्यात आणि केंद्राच्या संस्थांमध्ये चालतं, हे आधीच माहीत असलेलं बरं, उगाच आशा लावून बसू नये.

गावाला जाऊन काय शोधायचं? गेल्या दिवाळीत मी आमच्या शेजारच्या वहिनींबरोबर त्यांच्या सासऱ्यांच्या गावी गेले होते, वाई तालुक्यात. सासरे चौथीपर्यंत शिकले आणि मुंबईला आले, दाखला त्यांनी कधी काढलाच नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक बाईंनी लोखंडी कपाट उघडलं, आत कापडात बांधलेली जनरल रजिस्टरं, पानांच्या कडा खाल्लेल्या. त्यांनी नाव विचारलं तर वहिनींनी मुंबईतलं नाव सांगितलं, आधारवरचं, ते सापडेना. एक तास पानं उलटली. मग वहिनींना आठवलं की सासऱ्यांना गावात बाळू म्हणायचे आणि आडनाव तेव्हा लावत नव्हते, वडिलांच्या नावापुढे नुसती जात लिहायचे. आणि सापडलं, १९५१ सालची नोंद, निळ्या शाईत, नाव बाळू, बापाचं नाव बरोबर, जातीच्या रकान्यात 'कु.' एवढंच. आता कु. म्हणजे कुणबी की कुंभार हे समिती विचारणार, म्हणून बाईंनीच सुचवलं की त्यांच्या सख्ख्या भावाची नोंद पण बघा, भावाच्या नोंदीत पूर्ण कुणबी लिहिलेलं होतं. दोन्ही नोंदींचे प्रवेश-निर्गम उतारे घेतले, सहीशिक्क्यासकट, आणि येताना तहसीलमधून गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागितली, काही ठिकाणी त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्यातली काही पानं मोडीत होती, मोडी वाचणारा माणूस गाठून त्याच्याकडून भाषांतर करून घ्यावं लागलं.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. तुमच्या आजोबांचं शाळेतलं नाव, त्यांच्या भावाबहिणींची नावं, चुलत्यांपैकी कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालीय का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ता विचारून घ्या. रक्ताच्या नात्यात वडिलांकडून कुणाची व्हॅलिडिटी असेल तर तुमचं काम खूप हलकं होतं, वंशावळ काढून शपथपत्राला जोडायची आणि त्यांच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स लावायची. नावात फरक असेल, एकीकडे बाळू दुसरीकडे बाळकृष्ण, तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, लपवू नका, लपवलेलं नंतर जड जातं.

बौद्ध समाजातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' असेल आणि जात कुठेच नसेल तर मूळ जातीचा पुरावा आजोबा-पणजोबांच्या नोंदीतून द्यावा लागतो. धर्मांतर केलं म्हणून एससीच्या सवलती जात नाहीत, महाराष्ट्राने १९६० पासून त्या दिल्या आणि केंद्राने १९९० मध्ये कायद्यात बदल करून मान्य केल्या. राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला असे दोन्ही काढून ठेवा.

हे केंद्राचं आणि राज्याचं वेगळं असतं हा तर सगळ्यात मोठा गोंधळ आहे. राज्यात एससी १३ टक्के, एसटी ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींत एनटी-बी अडीच, एनटी-सी साडेतीन, एनटी-डी २, ओबीसी १९, एसबीसी २, आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजासाठी एसईबीसी १०, शिवाय ईडब्ल्यूएस, म्हणजे जातीचं आरक्षण नसलेल्या पण आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांसाठी, १०. केंद्राच्या संस्थांमध्ये, म्हणजे पवईची आयआयटी, एनआयटी, नीटचा अखिल भारतीय कोटा, तिथे हिशोब दुसरा, एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १०, बस. तिथे एनटी, एसबीसी असं काही नाही, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं. एसईबीसीवाला मुलगा राज्यात ईडब्ल्यूएस घेऊ शकत नाही पण केंद्राच्या संस्थेत, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर, ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतो. आणि आपलं राज्याचं नॉन-क्रिमी लेअर, म्हणजे घर मागास प्रवर्गातल्या पुढारलेल्या गटात येत नसल्याचा दाखला, जेईईला चालत नाही, केंद्राच्या फॉरमॅटमध्ये, त्या आर्थिक वर्षात १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. ते मार्चमध्ये काढून ठेवणारे लोक मी बघितलेत, तयारी चांगली पण तारीख एक महिना आधीची, सगळं परत.

नॉन-क्रिमीबद्दल अजून एक. मर्यादा वर्षाला ८ लाखांची आहे, पण सरकारी नोकरीतल्या माणसाचा पगार ८ लाखांच्या वर गेला म्हणजे तो आपोआप क्रिमी लेअर झाला असं नाही, तिथे पद बघतात, आणि पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत. महापालिकेतल्या किती तरी सफाई कामगारांनी, शिपायांनी 'आमचा पगार जास्त झाला आता' म्हणून दाखला काढायचाच सोडून दिलाय. असं करू नका, अर्ज करा, पद आणि वर्ग लिहिलेलं ऑफिसचं पत्र जोडा. ईडब्ल्यूएसला मात्र उलटं आहे, तिथे सगळं उत्पन्न धरतात, पगार, शेती, भाडं, सगळं.

कुठल्याच आरक्षणात बसत नाही पण घरची परिस्थिती बेताची, अशांसाठी टीएफडब्ल्यूएस नावाची गोष्ट आहे, ट्यूशन फी माफीची योजना. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, कुठल्याही जातीचा असला तरी चालतं, मेरिट वेगळं लागतं आणि कटऑफ बराच वर असतो. फक्त ट्यूशन फी माफ होते, डेव्हलपमेंट फी आणि बाकीचं भरावं लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असला की फॉर्ममध्ये टिक करा, हरकत काहीच नाही. आणि मुलींच्या आईबापांनो, हे नीट वाचा, २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्ण. 'मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कुठून करायचा' हे वाक्य मी अजून ऐकते आणि प्रत्येक वेळी जीआर काढून दाखवते. तो जीआर प्रिंट करून खिशात ठेवा, काही ठिकाणी काउंटरवर सांगावं लागतं.

मुलींचं निघालंच म्हणून सांगते, राज्यात ३० टक्के जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आत मुलींसाठी असतात. आणि आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा सुरू केल्या, पहिल्या वर्षी १४ टक्क्यांपर्यंत, मग १७, मग २०२० मध्ये २०. या जादाच्या जागा आहेत, कुठल्या मुलाची जागा कापलेली नाही, कुणी तसं म्हटलं तर शांतपणे एवढंच सांगा.

दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के, त्यात नुसतं चालण्याबघण्याचं अपंगत्व नाही, शिकण्यातली अडचण म्हणजे लर्निंग डिसेबिलिटी पण येते, प्रमाण ४० टक्के हवं. अनाथ मुलांसाठी राज्यात २०१८ पासून १ टक्का आहे. ही दोन आरक्षणं बालगृहात, विशेष शाळेत काम करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावीत कारण तिथल्या पोरांना सांगणारं घरचं कुणी नसतं.

आता फॉर्म. पहिला प्रश्न दर वर्षी तोच, दबक्या आवाजात, 'ताई, कॅटेगरी लावू का? मार्क चांगले आहेत, ओपनमधूनच मिळेल, उगाच शिक्का कशाला?' लावा. बिनधास्त लावा. कॅटेगरी लावली म्हणून ओपनची सीट जात नाही. ओपन म्हणजे उच्चवर्णीयांचा कोटा नाही, ती सगळ्यांसाठी खुली जागा, मार्क असतील तर आरक्षणवाला पोर आधी ओपनमध्येच बसतो, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे पुन्हा एकदा सांगितलंय. आणि कॅटेगरी लावली नाही तर फी सवलत, शिष्यवृत्ती, सगळ्यावर पाणी. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाईटवर, नंतर अर्ज करताना तुमच्या अ‍ॅडमिशनची नोंदच बघतात.

कटऑफची यादी वाचायला शिका, ती नुसती आकड्यांची भिंत दिसते पण सोपी आहे. जी-ओपन-एच असं लिहिलेलं असतं तेव्हा जी म्हणजे सर्वसाधारण, एल असेल तर लेडीज, मधलं तुमचं प्रवर्ग, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, एस म्हणजे राज्यस्तर. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केलेल्या पोराने इथल्या कॉलेजांसाठी एच आणि एस बघायचं, ओ बघून घाबरून जायचं नाही. मागच्या वर्षीच्या तिन्हीचारी राउंडच्या याद्या डाउनलोड करून तुमचा रकाना पेनाने खुणा करत उतरवून काढा, एक रविवार जातो पण सगळं चित्र डोळ्यांपुढे येतं. आणि पर्सेंटाईल म्हणजे टक्के नाहीत बरं का, सीईटी वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते म्हणून तुमच्या शिफ्टमधल्या पोरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते ते सांगतं.

ऑप्शन फॉर्म भरताना एकच नियम, मनापासून जे हवं ते वर. व्हीजेटीआय मिळणार नाही असं वाटतं म्हणून ते खाली टाकायचं आणि 'मिळेल असं' कॉलेज वर टाकायचं, असं लोक करतात आणि फसतात. कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो, पहिलं बसत नसेल तर दुसरं, दुसरं नाही तर तिसरं, वरची नावं लावल्याने खालच्याचं काही नुकसान होत नाही. पण पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला की तो ऑटो फ्रीज होतो (पुढच्या राउंडना वरच्या आणखी काही ऑप्शनांनाही हेच लागू होतं), तिथेच अ‍ॅडमिशन घ्यावं लागतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून एक नंबरला तेच लिहा की जे मिळालं तर तुम्ही पेढे वाटाल. मित्राने टाकलं म्हणून, सायबर कॅफेवाल्याने सुचवलं म्हणून नाही. खाली भरपूर ऑप्शन टाका, दहा-बारा टाकून थांबू नका, पण खालचंही प्रत्येक नाव असं असावं की मिळालं तर जाल. लोकलने जाऊन येऊन किती वेळ लागतो ते पण बघा, रोज बदलापूरहून अंधेरी म्हणजे पोराचा अर्धा जीव गाडीत जातो.

प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागली की दोन-तीन दिवस हरकतीसाठी असतात. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनने मारून ठेवा. तुमचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, बारावीचे मार्क, टीएफडब्ल्यूएस, हे सगळं तपासा, चूक असेल तर लगेच ग्रिव्हन्स टाका. फायनल लिस्ट लागल्यावर कुणी काही करू शकत नाही. तक्रार केल्याने काही होत नाही असं समजू नका, २७ एप्रिल २०२५ च्या सीईटीच्या सकाळच्या शिफ्टमध्ये गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते, पोरांनी आवाज उठवला आणि ५ मे ला त्यांची परत परीक्षा घ्यावी लागली. पोरांनीच उठवला, हे महत्त्वाचं.

कॅप संपल्यावर राहतात त्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा, लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोटा. इथे जरा सांभाळून. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या या जागा २०१५ च्या कायद्याप्रमाणे जाहिरात देऊन, मेरिटनेच भरायच्या असतात आणि डोनेशन घेणं १९८७ पासून गुन्हा आहे. कुणी म्हणालं 'सीट आहे, एवढे आणा', तर पावती मागा आणि मेरिट लिस्ट मागा, दोन्ही लेखी मागा. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाईटवर कॉलेजवार दिलेली असते, तिची प्रिंट बरोबर ठेवा. आमच्याकडच्या एका मुलाच्या वडिलांना एका कॉलेजात, नाव लिहीत नाही, 'इतर शुल्क' म्हणून मंजूर आकड्याच्या वर पैसे सांगितले होते, त्यांनी ती प्रिंट टेबलावर ठेवली आणि 'हे कुठे लिहिलंय ते दाखवा' एवढंच विचारलं, आकडा खाली आला. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांचं गणित वेगळं असतं, त्यांना घटनेने सूट दिलीय, तिथे त्या समाजाचा कोटा मोठा असतो आणि जातीचं आरक्षण लागू नसतं, मुंबईत अशी बरीच नावाजलेली कॉलेजं आहेत, म्हणून ऑप्शन भरताना कॉलेजच्या नावापुढचा दर्जा वाचा.

अ‍ॅडमिशन रद्द करायचं झालं तर कट-ऑफ तारखेच्या आत केलं की हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळते. मूळ कागद कॉलेजने अडवून ठेवायचे नसतात.

आणि एकदा सीट मिळाली की संपलं असं नाही. पहिल्या दिवशी वर्गात कुणी तरी विचारतं, 'रँक किती तुझी?' खरं विचारायचं असतं वेगळंच. पोरांना घरून निघतानाच सांगून पाठवा की रँक सांगायची सक्ती नाही, आणि लाज तर अजिबात नाही. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात भेदभावाच्या तक्रारीसाठी अधिकारी नेमायला सांगितलंय, पहिल्या आठवड्यातच त्यांचं नाव आणि ईमेल नोटीस बोर्डवरून उतरवून घ्या, आईबापांनी पण. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत लेक्चर कळत नाही म्हणून मराठी मीडियमची पोरं गप्प बसतात आणि केटी लागते, मग ती घरी पण सांगत नाहीत. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते पण वर्गातलं शिकवणं इंग्रजीतच असतं. म्हणून सुट्टीतच, अ‍ॅडमिशन आणि कॉलेज सुरू होण्याच्या मधल्या काळात, अकरावी-बारावीचं फिजिक्स आणि गणित इंग्रजी पुस्तकातून एकदा वाचून काढा, शब्दांची वही करा. आमची एक मुलगी मागच्या वर्षी तशी वही करून गेली, डाव्या बाजूला 'त्वरण', उजव्या बाजूला 'अ‍ॅक्सिलरेशन', असे चारशेच्या वर शब्द, आता ती वही चाळीत फिरतेय, सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे आहे.

ज्यांना आरक्षण नाही त्या घरातल्यांनाही एक सांगायचंय, आमच्या टेबलावर ते पण येतात, देशपांडे पण येतात आणि शेख पण. तुमच्या पोराची सीट शेजारच्या पोराने खाल्ली असं त्याच्या कानावर घालू नका. सरकारी कॉलेजं कमी, चांगल्या जागा त्याहून कमी आणि फॉर्म भरणारे लाखोंनी, मूळ दुखणं ते आहे. ते पोर पुढची चार वर्षं ज्याच्या शेजारी बसून प्रॅक्टिकल करणार आहे त्याच्याबद्दल घरातून विष घेऊन जायला नको. टीएफडब्ल्यूएस, ईडब्ल्यूएस, अर्ध्या फीची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, जे तुमच्या हक्काचं आहे ते भरा, आम्ही बसून भरून देतो.

कागदांची फाईल कशी करायची ते सांगून थांबते. प्लॅस्टिकच्या पाकिटांची फाईल घ्या, पहिल्या पाकिटात दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि एल.सी., दुसऱ्यात डोमिसाईल म्हणजे वय-अधिवासाचा दाखला, तिसऱ्यात जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी किंवा तिची पावती, चौथ्यात नॉन-क्रिमी आणि उत्पन्न, पाचव्यात आधार, बँक पासबुक, फोटो. नॉन-क्रिमीवर ३१ मार्चची कुठल्या वर्षाची मुदत आहे ते बाहेरून दिसेल असं स्टिकर लावा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद लॅमिनेट करू नका, तपासणीला शिक्का आणि कागद नीट बघता यायला हवा. सगळ्याचे स्कॅन पोराच्या फोनमध्ये, आईच्या फोनमध्ये आणि एका ईमेलवर ठेवा, कारण पावसात लोकलमध्ये फाईल भिजलेली मी बघितलीय. बारावीनंतर सुरुवात करणाऱ्यांना आम्ही मदत करतोच, पण दहावीच्या निकालानंतर येणाऱ्यांसाठी यंदापासून वेगळं टेबल ठेवलंय, रविवारी सकाळी दहा ते एक. येताना आजोबांच्या शाळेचं आणि गावाचं नाव कागदावर लिहून आणा, आजी घरी असेल तर तिलाच बरोबर घेऊन या, तिला बहुतेक सगळं आठवत असतं.